बापाकडून आलेलं बीपी

मित्रांनो, मला आता दम लागतो. फुगा दाबला की माझ्या काचेच्या नळीतला पारा पूर्वी सरसर वर जायचा. आता तो दीडशेपाशी अडखळतो, जरा थांबतो आणि मग सावकाश चढतो. मी बीपीची जुनी पेटी आहे. पत्र्याचं राखाडी अंग, आत उभी काचेची नळी, नळीत पारा, दंडावर बांधायचा कापडी पट्टा आणि मुठीत मावेल एवढा रबरी फुगा. एवढाच माझा संसार.

सध्या मी पुसेगावात द्वारकाबाईंच्या टेबलावर एका झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात पडून आहे. पारा विषारी असतो, तो उघड्यावर सांडू नये, म्हणून मला येत्या गुरुवारी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जमा करायचं ठरलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. थकलेल्याला कुणी बाजूला ठेवलं तर त्याने कुरकुर करू नये. जाण्याआधी मात्र एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याचं नाव जगन. त्याने द्वारकाबाईंना सांगून ठेवलं आहे, "कोनाच्या कामी येत असंल तर खुशाल सांगा. फकस्त माझं जुनं नाव सांगू नका." म्हणून ते मी सांगणार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. एका कारखान्यात माझी नळी भरली, माझ्यावर आकडे उमटवले आणि हिंगोलीच्या एका दुकानात मी काचेआड येऊन बसले. द्वारकाबाई तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. उपकेंद्रातलं यंत्र बिघडलं होतं आणि नवं येण्याची काही चिन्हं नव्हती. बाईंनी मला स्वतःच घेतलं आणि खांद्याच्या पिशवीत टाकलं. त्यानंतर पंचवीस वर्षं मी त्या पिशवीतच काढली. एसटीच्या टपावरचा पाऊस, बैलगाडीचे हिसके, शेतातल्या बांधावरचे उन्हाने तापलेले दगड, सगळं पाहिलं. सातव्या महिन्यात पायांवर सूज आलेल्या कितीतरी बायांचं चढलेलं बीपी मी वेळेवर पकडून दिलं. एकदा तालुक्याच्या डॉक्टरांनी मला कोऱ्या यंत्राशेजारी ठेवून तपासलं आणि म्हणाले, "बाई, तुमचीच पेटी बरोबर आहे. चुकतंय ते नवीन." त्या दिवशी बाईंनी माझी काच पदराने पुसली होती.

मग बटणाची यंत्रं आली. ती स्वतःच फुगतात, आकडा दाखवतात आणि पिपाणीसारखी वाजतात. बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या घरी कपाटावर जाऊन पडले. माझ्यावर आधी वर्तमानपत्रं आली, त्यांवर एक घोंगडी आली. पट्ट्याच्या घडीत पालीने अंडी घातली. चार वर्षं मला कुणी उघडलं नाही.

उघडलं ते जगनमुळे.

पुसेगावात पाण्याच्या मोटारी भरून देणारा एक मिस्त्री होता, तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. जळालेली मोटार आणून द्यावी, तांब्याची तार त्याने नव्याने गुंडाळावी आणि मोटार परत पाणी ओढायला लागावी, असा त्याचा हात. तोच हा जगन. दुकानामागच्या खोलीत एकटा राहायचा. उन्हाळ्यात एका दुपारी तो बाईंच्या बोअरचा स्टार्टर बसवायला आला. स्क्रू आवळता आवळता त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि सदऱ्यावर ओघळली.

"उन्हानं झालं असंल, बाई," तो म्हणाला.

"बस खाली. मान पुढं झुकव, मागं न्हाई. नाक दाबून धर."

रक्त थांबलं. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. गाल आणि कान लालभडक झाले होते.

"डोकं दुखतं का रे?"

"दुखतं की. महिना झाला."

"बीपी कधी मोजलं?"

"न्हाई बा. मला काहून बीपी होईल?"

बाई खुर्चीवर चढल्या. घोंगडी खाली पडली, वर्तमानपत्रं पडली आणि मला उजेड दिसला. त्यांनी पट्टा झटकला, नळी तपासली आणि जगनला म्हणाल्या, "दहा मिनिटं गप बस. पाय जमिनीला टेकव. बोलू नको." मग त्याची बाही वर केली. बाही वर घेताना तो जरा आक्रसला. सदऱ्याच्या आत त्याने छाती आवळून धरणारी एक घट्ट बंडी घातली होती आणि त्यामुळे त्याचा श्वास वरच्या वर चालला होता. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी पट्टा दंडाला गुंडाळला.

फुगा दाबला. चार वर्षांनी पारा उठला. हवा सोडता सोडता बाईंच्या कानात पहिला ठोका पडला तेव्हा मी एकशेसत्तरवर होते. शेवटचा ठोका गेला तो एकशेआठवर. त्यांनी दुसऱ्या दंडावर मोजलं. तेवढंच.

"यंत्र लई जुनं हाय तुमचं," जगन म्हणाला.

"जुनं हाय. खोटं न्हाई. उद्या हिंगोलीला दवाखान्यात जा."

"जातो," असं म्हणून त्याने पेचकस, पक्कड गोळा केली. तो जाणार नाही हे मलाही कळलं आणि बाईंनाही.

नऊ दिवसांनी तो आपणहून आला. दुकान बंद ठेवून, भर दुपारी. बाईंनी दिलेलं पाणी तो प्यायला आणि पेला हातातच धरून बसला.

"बाई, तुमी लई बायामाणसं पाह्यली. तुमाला कळलंच असंल."

"मला कळलं ते कळलं. तुला सांगायचं असंल तर सांग."

मग त्याने सांगितलं. मित्रांनो, ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते. काही लेकरं जन्मतात तेव्हा घरचे म्हणतात, मुलगी झाली. पण लेकरू वाढत जातं तसं त्याला आतून पक्कं ठाऊक असतं की आपण मुलगा आहोत. कुणी शिकवलेलं नसतं, कुणी बिघडवलेलं नसतं. जगन तसा होता. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याजवळ एका बंजारा तांड्यात त्याचा जन्म झाला. वडील थावरा आणि आई जमनाबाई. दिवाळी झाली की सगळा तांडा ऊसतोडीला जायचा. जगनचं लग्न एका मुलाशी ठरलं तेव्हा त्याने वडिलांना खरं काय ते सांगितलं. थावराने त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. "माझं लेकरू मेलं," असं तो सगळ्या तांड्यासमोर म्हणाला. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

नंतर जगनने हिंगोलीत मोटारी भरायचं काम शिकून घेतलं. नांदेडमध्ये एक डॉक्टर होते. त्यांनी तपासण्या करून त्याला पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं, तीन आठवड्यांतून एक. आवाज जाड झाला. दाढी आली. आरशात आपलाच चेहरा ओळखीचा वाटू लागला. मग ते डॉक्टर बदली होऊन निघून गेले.

"मंग इंजेक्शन कोण देतंय?" बाईंनी विचारलं.

"मीच घेतो, मांडीत. औषधाच्या दुकानातून आणतो."

"तीन आठवड्यांनी?"

जगनने पेला दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "धा दिवसांनी. कधी आठ. एकदा उशीर झाला बाई, आन् पाळी परत आली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मला वाटलं, सगळं माघारी चाललं. तवापासून मी गॅपच ठेवत न्हाई."

"कोण्या डॉक्टरला दाखवलं न्हाई?"

"डोकं दुखायलं म्हणून एकाकडं गेलो होतो. त्यानं आधारकार्ड पाह्यलं, मला पाह्यलं आन् कंपाउंडरला हाक मारली, 'ये, हे बघ' म्हणून. मंग म्हणला, पैलं ते इंजेक्शन बंद कर, मंग ये." जगनने पेला खाली ठेवला. "बाई, त्यानं बीपी मोजलंच न्हाई."

हे ऐकून मला फार थकल्यासारखं झालं. मी काही हार्मोनची विद्वान नाही. पण दंडाला पट्टा बांधायला किती वेळ लागतो?

बाई म्हणाल्या, "मला ह्यातलं कळत न्हाई, लेकरा. खोटं कशाला सांगू? पण ज्याला कळतं त्याच्याकडं मी तुझ्यासंगं येते."

"इंजेक्शन बंद करायला सांगितलं तर मी जिता राहणार न्हाई."

"आधी ऐकून तर घेऊ."

आठवडाभर तो रोज सकाळी यायचा. बाई त्याला बसवायच्या, विडी ओढली नाहीस ना म्हणून विचारायच्या, मग मोजायच्या. एकशेअडुसष्ट. एकशेबहात्तर. एकशेचौसष्ट. मी रोज तोच जिना चढत होते आणि रोज जवळपास त्याच पायरीवर थांबत होते. बाईंनी आकडे एका वहीत उतरवले, ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यात हार्मोनचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारून घेतलं. गुरुवारी आम्ही तिघं हिंगोलीहून एसटीने निघालो. मी पिशवीत, पिशवी बाईंच्या मांडीवर. जगन खिडकीला डोकं टेकून बसला होता. 

तिथल्या डॉक्टरांना सगळे मिना मॅडम म्हणत. चाळिशीच्या, घाईत असलेल्या, डोळ्यांखाली काळं झालेल्या. त्यांनी आधारकार्ड बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं मी?"

"जगन."

"जगन, हात द्या." त्यांनी पहिल्यांदा बीपी मोजलं. मग बाईंची वही चाळली आणि बाईंना म्हणाल्या, "तुम्ही माझं अर्धं काम करून आणलंत." मला पिशवीतून हे ऐकू आलं. कितीतरी वर्षांनी कुणी आमच्या कामाला बरं म्हटलं होतं.

रक्त घेतलं. संध्याकाळी कागद आले. प्रयोगशाळेने कागदावर 'स्त्री' असं छापलं होतं आणि त्या हिशेबाने जवळजवळ प्रत्येक ओळीवर खूण केली होती. मॅडमनी पेनाने तो शब्द खोडला.

"हे बायकांच्या मापाने बघून चालणार नाही. तुमचं शरीर चार वर्षं पुरुषाच्या हार्मोनवर चाललंय. तेव्हा पुरुषांचं माप लावते." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "पण जगन, त्या मापानेही हिमोग्लोबिन जास्त आहे. अठरा पॉइंट नऊ. रक्त घट्ट झालंय. घट्ट रक्ताची गुठळी व्हायला वेळ लागत नाही. वाईट चरबी वाढलीय, चांगली कमी झालीय, साखर काठावर आहे. वर हे बीपी आणि विडी."

"म्हंजी बंद करायला सांगून राहिल्या तुमी."

"नाही. बंद करायचं नाही. डोस नीट करायचा. पुढचं इंजेक्शन महिन्याने, रक्त परत तपासून, मी सांगेन तेवढंच. मग कायम तीन आठवड्यांचं अंतर. तुम्ही दुप्पट घेतलंत म्हणून दुप्पट पुरुष होत नाही. नुसतं रक्त घट्ट होतं."

जगनच्या ओठावर हसू येता येता राहिलं. "आन् पाळी आली तर?"

"येऊ शकते. आली तर मला फोन करा. त्यासाठी वेगळी गोळी आहे. इंजेक्शन मात्र टोचून घ्यायचं नाही." मग त्यांनी बीपीची गोळी लिहून दिली, मीठ, चालणं, विडी याबद्दल सांगितलं आणि शेवटी विचारलं, "घरात कुणाला बीपी, साखर, हार्टचा त्रास? लकवा?"

"माहीत न्हाई."

"आईवडिलांना?"

"मला घर न्हाई, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "इंजेक्शनमुळे रक्त घट्ट होतं, चरबीचे आकडे हलतात, बीपीसुद्धा थोडं चढू शकतं. पण एकशेसत्तर हे एकट्या इंजेक्शनचं काम असेल असं मला वाटत नाही. ते तुमच्या घराण्यातलं असेल तर बीपीची गोळी तुम्हाला बरीच वर्षं घ्यावी लागेल आणि सगळा दोष कुणी इंजेक्शनवर टाकू शकणार नाही. जमलं तर विचारून या. नाही जमलं तरी औषध थांबणार नाही."

परतीच्या एसटीत जगनने एकदाच तोंड उघडलं. "बाई, याडीला इचारावं लागंल." तांड्यात आईला याडी म्हणतात.

रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. कालव्याकडेने चालत जाताना जगनची पावलं मंदावत गेली. दारात जमनाबाई धान्य पाखडत होती. तिने मान वर करून पाहिलं. दाढी, जाड झालेला आवाज, रुंद झालेले खांदे. सूप तिच्या हातातून सुटलं. ती त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, आंधळ्या माणसाने चाचपावं तसं.

घरात खाटेवर थावरा पडलेला होता. उजवा हात अंगावर ठेवल्यासारखा निर्जीव, तोंड एका बाजूला ओढलेलं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या फडात मोळी उचलताना तो कोसळला होता. लकवा.

"मला काहून सांगितलं न्हाई?" जगन म्हणाला.

"तुझा नंबर कोनाजवळ होता?" जमनाबाई रडत नव्हती. तिचा आवाज कोरडा झाला होता. "आन् ह्यो सांगू देत होता का? तोंड वाकडं झालं, पर हट्ट सरळच राह्यला."

थावराने जगनला ओळखलं. बराच वेळ तो एकटक पाहत राहिला आणि मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईंनी मला पिशवीतून काढलं. थावराने हात दिला नाही. मग अंगणात जमनाबाईचं मोजलं, ते बरोबर निघालं. जगनची धाकटी बहीण संगिता काही महिन्यांसाठी माहेरी आली होती, तिचं मोजलं. एकशेचोपन्न. तिचं वय सव्वीस. "मला तर काय तकलीफ न्हाई," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "तकलीफ नसती म्हणूनच मोजावं लागतं, पोरी."

मग त्यांनी एकेक विचारलं. थावराचा बाप रामजी चाळिशीत झोपेतच गेला होता. थावराचा भाऊ वसराम बाजाराला जाता जाता बसला तो उठलाच नाही. कुणी म्हणालं होतं बाहेरचं झालं, कुणी म्हणालं होतं नजर लागली. लकव्यानंतर थावराला बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या, पण दोन महिन्यांनी त्या संपल्या आणि मग कुणी आणल्याच नाहीत. तीन पिढ्यांत एकाच्याही दंडाला वेळेवर पट्टा बांधला गेला नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा खाटेवरून हाक आली. जड, अर्धी तुटलेली. ते जगनचं जुनं नाव होतं. जमनाबाईने डोळे मिटून घेतले. जगन उंबऱ्यात थांबला. मला वाटलं, हा आता निघून जाईल.

"व्हय, बा," तो म्हणाला. "मीच हाय."

पुढे काही झालं नाही. आम्ही बाहेर पडलो.

एसटीत बसल्यावर जगन अचानक हसायला लागला. "बाई, पोरगं म्हणून बापानं मला कायबी दिलं न्हाई. नाव न्हाई, घर न्हाई. बीपी तेवढं दिलं."

"संगितालाबी दिलं की," बाई म्हणाल्या.

"व्हय. ते बराबर." तो हसत राहिला. मग हसू संपलं आणि तो खिडकीकडे वळला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हिंगोली येईपर्यंत तसाच राहू दिला.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर किती सोपं होतं. पण पुढचा महिना मी पाहिलेल्या सगळ्या महिन्यांत कठीण होता. जगन गोळी घेत होता, सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने चालत होता, विडीचं बंडल त्याने बाईंच्या चुलीत टाकलं होतं. पारा हळूहळू उतरत होता. एकशेअठ्ठावन्न. एकशेपन्नास. इंजेक्शनला मात्र अजून नऊ दिवस बाकी होते. त्या सकाळी तो आला आणि आत न येता पायरीवरच बसला. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढून त्याने बाईंसमोर ठेवली.

"हे तुमच्याजवळ ठिवा. माझ्याजवळ राह्यलं तर मी घेऊन टाकतो."

बाईंना कळलं, पाळी परत आली होती. त्यांनी बाटली उचलून आत नेली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मिना मॅडमना फोन केला. मॅडमनी गोळीचं नाव सांगितलं. बाई स्वतः जाऊन ती घेऊन आल्या. पण गोळीलाही काम करायला वेळ लागतो. चार दिवस जगनने दुकान उघडलं नाही. लोक जळालेल्या मोटारी घेऊन यायचे आणि दारातूनच परत जायचे. तो खोलीतून रोज सकाळी फक्त बाईंच्या घरापर्यंत येत होता.

"चार दिवस माणूस मरून राहतंय, बाई. तुमाला न्हाई कळायचं."

"न्हाई कळत," बाई म्हणाल्या. "मोजायचं तेवढं कळतं. हात दे."

त्याने हात दिला. तिसऱ्या दिवशी त्याने बाटली मागितली. आवाज चढवला, दाराला लाथ मारली. बाई त्यावेळी पासष्टीच्या होत्या आणि त्यांचे गुडघे दुखत होते. त्या कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसून राहिल्या. "तुझा बाप फडात पडला तवा त्याच्यापुढं कोणी बसलं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. जगन मागे सरला. मग त्याने दारावर बसलेला आपल्या चपलेचा ठसा फडक्याने पुसला आणि निघून गेला. चौथ्या दिवशी तो परत आला, बाही वर करून बसला.

महिन्याने रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सतरा पॉइंट सहा होतं. मॅडमनी ठरल्याप्रमाणे इंजेक्शन दिलं, ठरल्याएवढंच. तीन महिन्यांनी ते सोळा पॉइंट आठ झालं. दाढी तशीच राहिली, आवाज तसाच राहिला. बीपी एकशेचौतीस. चरबीचे आकडे अजून हट्टी आहेत. साखर काठावरच आहे. विडी तो कधीकधी चोरून ओढतो आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळतं. मॅडम म्हणाल्या, "हे एका वर्षाचं काम नाही, जगन. जन्मभर तपासत राहायचंय." तो म्हणाला, "तपासायला तयार हाय मी. तुमी फकस्त बदली घेऊ नका." मॅडम हसल्या. पण शब्द दिला नाही. बदली काही त्यांच्या हातात नसते.

संगितालाही गोळी सुरू झाली. जगनने तांड्यासाठी बटणाचं एक यंत्र घेऊन दिलं आणि ते तिच्याकडे ठेवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वडिलांच्या गोळ्या घेऊन तांड्यावर जाऊ लागला. तांड्यात सगळेच त्याच्याशी बोलतात असं नाही. काही जण त्याला पाहून घरात जातात. पहिल्या महिन्यात थावराने पट्टा बांधू दिला नाही. दुसऱ्या महिन्यात बाईंना बांधू दिला, जगनला खोलीबाहेर थांबायला लावून.

बाईंना आधीपासूनच कमी ऐकू येऊ लागलं होतं, तिसऱ्या महिन्यात त्यांचे कान पार गेले. ठोके त्यांना ऐकूच येईनात. त्यांनी स्टेथोस्कोप जगनच्या गळ्यात घातला. मोटारीची बारीक घरघर ओळखणारे कान त्याचे. त्याने कसं ऐकायचं ते दोन दिवसांत शिकून घेतलं होतं. बटणाचं यंत्र संगिता शेजारच्या घरी घेऊन गेली होती, म्हणून त्याने मलाच उघडलं आणि खाटेशेजारी बसला. थावरा छताकडे पाहत होता.  जगन हातात पट्टा घेऊन नुसता बसून राहिला.

बऱ्याच वेळाने गोधडी हलली. थावराने आपला चालता हात, डावा हात, बाहेर काढला आणि जगनच्या गुडघ्यावर ठेवला.

जगनने पट्टा बांधला.  मी सगळा जोर लावून वर चढले आणि अजिबात न अडखळता खाली उतरले.

"किती?" थावराने विचारलं. तोंड वाकडं होतं, शब्द अर्धाच आला. पण सहा वर्षांत त्याने जगनला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"एकशेअठ्ठेचाळीस, बा. मागच्या बारीपरीस कमी हाय."

थावराने मान हलवली. हात मागे घेतला नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी नर्स, कुणी औषधाच्या दुकानात बसेल. कुणी यातलं काहीच होणार नाही, पण घरात म्हातारी माणसं असतील. तुमच्यासमोर कधीतरी असं माणूस येऊन बसेल की जे कोण आहे हे तुम्हाला चटकन कळणार नाही. त्याच्या कागदावर एक लिहिलेलं असेल आणि चेहरा दुसरं सांगत असेल. तेव्हा कंपाउंडरला हाक मारू नका. त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, दहा मिनिटं शांत बसू द्या. दंड तर प्रत्येकालाच असतो. आधी पट्टा बांधा. बाकीचं मग विचारा, आणि विचारायची गरज असेल तेवढंच.